हँडल खुळखुळतं, सायकल कुरकुरते

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. नांदे-चांदे रस्त्यावरच्या हौशी सायकलस्वाराचे टायरही शर्यतीतल्यांसारखेच, जेमतेम २५ ते २८ मिलिमीटर रुंद. खड्ड्याचा दणका थेट हेडसेटला, म्हणजे हँडल वळवणाऱ्या दोन बेअरिंगांना बसतो. मुळशीच्या पावसात त्यांतलं ग्रीसही धुपतं.

ढिलाई ओळखायची कशी? पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दोन बोटं फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल पुढे-मागे हलवायची. बोटांना टकटक जाणवली, की हेडसेट सैल.

इथेच बरेच जण नुसता वरच्या टोपीचा बोल्ट पिळतात. स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट घट्ट असतील, तर त्याने काहीच साधत नाही. आधी ते सैल करायचे, मग टोपीचा बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळायचा, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं आणि शेवटी बाजूचे बोल्ट आलटूनपालटून कसायचे. किती जोर लावायचा, हे बहुधा स्टेमवरच छापलेलं असतं. साधारण ५ न्यूटन-मीटर. चाक उचलल्यावर हँडल अडखळत वळलं, तर टोपी जास्त आवळली गेली.

तरीही कुरकुर? फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो आणि कान फसतात. उभं राहून पेडल मारताना तो थांबला, तर संशय सीट किंवा सीटपोस्टवर. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ झालं, तर पेडल नाहीतर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधल्या आसाचे बेअरिंग. सांधे पुसून ग्रीस लावायचं. कार्बनच्या सीटपोस्टला मात्र कार्बन पेस्टच.