घोडी बिघडली की आपली मांड? वालूरच्या माळावरून ड्रेसाजचे धडे

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे निसटलं ते इथं भरलंय, आणि जे उगाच बोललो ते गाळलंय.

मी बोलतोय वालूरहून. तालुका सेलू, जिल्हा परभणी. बाहेरची माणसं आमच्या गावाला ओळखतात ती चक्राकार बारवेमुळं. आज मात्र विषय बारवेचा नाही, आमच्या चांदणीचा आहे.

चांदणी म्हणजे आमची घोडी. वय सात वर्षं, काम लग्नाच्या वरातीचं. मागच्या उन्हाळ्यात एका वरातीत बँड सुरू झाला आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नवरदेवाला दोघांनी वरच्यावर धरलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "इकून टाकू. घोडी बिघडली. उद्या कुणाचा जीव गेला तर काय करतू?"

चुकीचं काहीच बोलले नव्हते ते. तरी मी म्हणालो, "अण्णा, तुळशीचं लग्न लागेपर्यंत वेळ द्या. तोवर सुधारली नाही तर तुम्ही म्हणाल तसं."

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात तिचं तोंड उघडून बघितलं. ओठांचे कोपरे सोललेले होते. जिभेच्या कडेला जखम होती. लगामाची तोंडातली कडी काटेरी होती आणि ती कडी मीच एका बाजारातून आणली होती. "घोडी ताब्यात राहते" असं दुकानदार म्हणाला, मीही मान डोलावली. म्हणजे आधी बिघडला होता तो माझा हात.

ड्रेसाज म्हणजे नेमकं काय?

पुण्यात कॉलेजला असताना मी शनिवार-रविवार एका रायडिंग स्कूलमध्ये लीद काढायचो. त्या बदल्यात अर्धा तास घोड्यावर बसायला मिळायचं. ड्रेसाज हा शब्द तिथंच पहिल्यांदा कानावर पडला.

शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधा आहे: घोड्याला शिकवून तयार करणं. स्पर्धेत २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब मैदान असतं. घोडा आणि स्वार ठरलेल्या हालचाली करतात, पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. उडी नाही, शर्यत नाही. स्वाराने मागितलेलं घोड्याने किती मोकळेपणाने दिलं, हे बघतात.

हा श्रीमंतांचा युरोपी खेळ, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर ऐका. २६ सप्टेंबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं, २०९.२०५ गुणांनी. संघात चौघं होते: अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. एशियन गेम्समध्ये घोडेस्वारीत त्याआधीचं भारताचं सुवर्ण १९८२ च्या दिल्लीचं होतं, म्हणजे मध्ये ४१ वर्षं गेली. पुढं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अनुष अगरवाला हा ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

आपल्याला पॅरिसला जायचं नाहीये. पण त्यांचे घोडे ज्या पायऱ्यांनी शिकतात, त्या वरातीच्या घोडीलाही चालतात. सहा पायऱ्या आहेत. पहिली ताल, मग अंगाचा मोकळेपणा, मग लगामाशी हलका संपर्क, मग मागच्या पायांचा जोर, मग सरळपणा, आणि शेवटी अंग गोळा करून तोलून चालणं. आपण काय करतो? पहिल्या पाच सोडतो आणि मान वाकवून थेट सहावी मागतो. घोडं अडणार नाही तर काय होईल?

शिकवण्याआधी दुखतंय का ते बघा

घोडं बोलत नाही. दुखलं की मान झटकतं, पाठ आखडतं, लाथ झाडतं, उभं राहतं. आपण त्याला खोड म्हणतो. म्हणून आधी चार गोष्टी तपासा.

तोंड: घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची रिकामी जागा असते, कडी तिथं बसते. दाढांच्या कडा धारदार झाल्या तर गालाला आणि जिभेला जखमा होतात. पशुवैद्यकाकडून त्या घासून घ्याव्या लागतात. आपल्या परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं विचारा.

पाठ: खोगीर काढल्यावर पाठीवरून सपाट हात फिरवा. एखाद्या जागी घोडं अंग चोरत असेल तर खोगीर टोचतंय.

खूर: नाल सैल आहे का, खुरात खडा अडकलाय का, हे रोज बघा.

आणि काटेरी कडी: ती फेकून द्या. हे मी दयेपोटी सांगत नाहीये, तो कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली जे नियम आले, त्यांत काटे असलेली कडी वापरायला मनाई आहे. मी चांदणीला गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली कडी आणली. तीही जखमा भरल्यावर. तोवर तोंडात काहीच घातलं नाही, नुसती म्होरकी.

अडचण पहिली: घोडी लगाम ओढते, मान झटकते

आपण ओढतो म्हणून ती ओढते. रस्सीखेचीला दोघं लागतात. आपण सोडलं तर ती एकटी कुणाशी ओढणार?

लगाम धरायचा पतंगाच्या मांजासारखा. फार ढिला सोडला तर पतंग गोत खातो, फार ताणला तर मांजा तुटतो. बोटांना वजन कळलं पाहिजे, बस्स. कोपर अंगाजवळ, पण मोकळं. चालताना घोड्याची मान पुढं-मागं होते, तिच्याबरोबर आपला हात गेला पाहिजे.

थांबवायचं असेल तर आधी पाठ ताठ करा, श्वास सोडा, खोगिरात खोल बसा. मग बोटं मिटा. ती थांबली की त्याच क्षणी बोटं उघडा. घोडं शिकतं ते ओढण्यातून नाही, सोडण्यातून. दोन सेकंद उशिरा सोडलंत तर बक्षीस कशाचं मिळालं, हे तिला कळतच नाही.

आणि नाक छातीला टेकवायचा नाद सोडा. वरातीत ते झोकदार दिसतं, पण ड्रेसाजमध्येही नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढंच हवं. मागं गेलं तर ती चूक धरतात.

अडचण दुसरी: एका बाजूला वळते, दुसऱ्या बाजूला वळत नाही

माणूस जसा उजवा-डावा असतो तसं घोडंही असतं. चांदणी डावीकडं लोण्यासारखी वळायची, उजवीकडं लाकडासारखी.

उपाय म्हणजे मोठा गोल. वीस मीटर व्यासाचा. मध्ये खुंटी ठोका, दहा मीटरची दोरी बांधा आणि चुन्याने गोल आखा. आमची बारव बघितली असेल तर डोळ्यांपुढं आणा: पायऱ्या गोल फिरत खाली जातात. घोडीचं अंगही तसंच नाकापासून शेपटीपर्यंत गोलाच्या वळणात हवं. आतल्या बाजूचा पाय तंगाजवळ हलका टेकवायचा, बाहेरच्या लगामाने खांदा सांभाळायचा, आणि नजर गोलावर पुढं, पाव गोल पलीकडं ठेवायची.

सुरुवात सोप्या बाजूने करा. मग अवघड बाजूला दोनच फेऱ्या, पुन्हा सोपी बाजू. अवघड बाजूला वीस फेऱ्या मारून काही होत नाही, नुसते स्नायू दुखतात.

इथं माझी एक फजिती सांगतो. आठ दिवस उजवीकडं घाम गाळला, फरक शून्य. शेवटी चुलतभावाला मागून व्हिडिओ काढायला लावला. बघतो तर मीच डावीकडं कलंडलेला! उजवी रिकीब एक भोक लांब होती. तिच्यावर वाकडा बसून मी तिला सरळ चाल म्हणत होतो. तुमच्या हातात स्मार्टफोन आहे ना? मग आधी स्वतःचा व्हिडिओ काढा, मागून आणि बाजूनं. रीलसाठी नाही, तपासायला.

अडचण तिसरी: घाई करते, पळत सुटते

इथं पहिली पायरी, म्हणजे ताल. कदम चालीत चार ठोके पडतात, दुडकीत दोन, दौडीत तीन. मोठ्याने मोजा: एक-दोन-तीन-चार. मोजताना तुमचा श्वास चालू राहतो आणि ठोका चुकला की लगेच कळतं.

घाई करणाऱ्या घोडीला सरळ रेषेत दामटू नका. गोलावर घ्या आणि सारखा बदल मागा. दहा पावलं चाल, थांब. पुन्हा दहा पावलं, थांब. मग चालीतून दुडकी, दुडकीतून चाल. "आता काय मागणार?" म्हणून ती तुमच्याकडं कान देते. घोड्याचा एक कान मागं तुमच्याकडं वळला की समजा, ऐकतेय. नाकातून फुरफुरली, मान लांबवून खाली सोडली, की अंग मोकळं झालं.

अडचण चौथी: टाच मारून मारून थकलो, हलतच नाही

प्रत्येक पावलाला टाच लागली तर ती पंख्याच्या घरघरीसारखी होते. थोड्या वेळाने ऐकूच येत नाही.

एकदा हलकं मागा, नुसती पोटरी टेकवा. नाही हलली तर एकदाच स्पष्ट मागा. हलली की पाय शांत. आणि त्या वेळी लगाम ओढलेला नाही ना, ते बघा. टाचेने "जा" आणि हाताने "थांब" असं दोन्ही एकदम म्हणलं तर शहाणं घोडं उभंच राहणार. काही घोडी मागच्या पायांवर उभी राहतात ती यामुळंच. पुढं जायला वाट नाही, मागं टाच आहे, मग उरलं काय? वर.

चांदणीचं त्या दिवशी हेच झालं होतं. मागून बँड, तोंडात काटे, लगाम घट्ट.

अडचण पाचवी: बुजते

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून आलेला आवाज त्याला सगळ्यात जास्त घाबरवतो.

भीतीच्या वस्तूकडं तोंड धरून ओढत नेऊ नका. लांबून, जिथं ती शांत राहते तिथून सुरुवात करा, आणि रोज थोडं जवळ जा. गावातल्या बँडच्या पोरांना मी विनंती केली. ती सरावाला बसायची तेव्हा आम्ही लांब माळावर गोल घ्यायचो. पहिल्या दिवशी दोनशे पावलांवर, पुढच्या आठवड्यात दीडशेवर. जिथं अंग आखडायची, तिथून पन्नास पावलं मागं यायचो. कमीपणा वाटून घेतला नाही.

स्वाराचा इलाज: मांड

आपल्याकडं जुना शब्द आहे, मांड. ज्याची मांड कच्ची, तो तोल सांभाळायला लगामाला लोंबकळतो, म्हणजे घोड्याच्या तोंडाला लोंबकळतो. हात हलका हवा असेल तर आधी मांड पक्की हवी.

व्यायाम असा: जाणत्या माणसाने घोडी लांब दोरीवर गोल फिरवायची. तुम्ही रिकिबीतून पाय काढा, लगाम सोडा, हात कमरेवर. नुसती कदम चाल, दहा मिनिटं. गुडघ्याने आवळू नका, आवळलं की वर उचकटले जाता. डोक्याला हेल्मेट हवंच, आणि एकट्यानं करू नका.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत खूर अडकला तर पाय गेला. पावसाळ्यात तीच माती नालाला चिकटते. म्हणून मुरमाड माळ बघा, सकाळी लवकर जा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपवा. चांगलं झालं की तिथंच थांबा.

पुढं काय झालं?

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी गल्लीत बँड वाजला. चांदणी वीस पावलांवर उभी होती. कान हलले, पाय दोनदा उचलले, मग फुरफुरली आणि उभी राहिली. अण्णा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "राहू दे यंदा. पण नाचवायची नाही."

"नाही नाचवत, अण्णा," म्हणालो.

यंदा तिने वराती केल्या, फक्त कदम चालीत. बँड पुढं, घोडी मागं, मध्ये अंतर. दोन घरांनी "नाचत नाही तर नको" म्हणून सुपारी परत घेतली. तेवढं नुकसान सोसलं. उजवीकडं ती अजून थोडी लाकडीच आहे. मीही डावीकडं थोडा कलंडतोच. दोघंही शिकतोय.

तुमचं घोडं कुठं अडतंय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पण पाठवण्याआधी दोन कामं करा: त्याचं तोंड उघडून बघा आणि स्वतःचा व्हिडिओ बघा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच सापडतील. उरलेल्यांवर पुढच्या भागात बोलू. राम राम.