काळी अळी चिरडू नका



आपल्या देणग्यांतून पाड्यांवर परसबागा उभ्या राहिल्या. यंदा चवळीवर मावा पडला आणि लगेच बाजारातून फवारणीचे औषध आणायची भाषा सुरू झाली. मला धास्ती त्याचीच. परसबागेतली शेंग सकाळी फवारली, तरी संध्याकाळी चुलीवर चढते आणि पहिला घास लेकरांच्या तोंडी जातो.

म्हणून मी बायकांना आधी पान उलटून बघायला सांगते. माव्याच्या गर्दीतच त्याला खाणारा ढालकिडा असतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा किडा सगळ्यांच्या ओळखीचा; त्याची अळी मात्र कोणी ओळखत नाही. काळपट, खरखरीत, अंगावर नारिंगी ठिपके, जणू इवलीशी सुसर! दिसली की चिरडतात. मावा फस्त करते ती हीच.

औषधाने मावा मरतो, तसा ढालकिडाही मरतो. पण माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्ले देतात, त्यामुळे उरलेल्या चार-दोन माव्यांची पुन्हा झुंबड व्हायला फार दिवस लागत नाहीत. ढालकिड्याला अंड्यापासून मोठे व्हायला तीनेक आठवडे जातात. तोवर राखण करणारे कोणी उरत नाही.

ही काही नवी टूम नव्हे. 1888 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा पिठ्यासारख्या एका किडीने बुडत चालल्या होत्या. तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अशाच एका ढालकिड्याने त्या वाचवल्या.

एक सावधगिरी हवी. वांग्याच्या पानांची जाळी करणारा तांबूस, मळकट, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेराही याच कुळातला. तो मात्र वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचा. मुंग्यांवरही नजर हवी. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्याला हुसकावतात.

आता आम्ही प्रत्येक बागेत थोडी कोथिंबीर न खुडता फुलू देतो, कारण तिच्या फुलांवर असे उपयोगी कीटक येतात. मावा फारच वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा किंवा तेवढाच शेंडा खुडायचा. आपल्या मदतीतून घेतलेली भिंगे मुलांनी केव्हाच ताब्यात घेतली आहेत. पानामागची पिवळी अंडी आईच्या आधी तीच शोधतात.