दगडी पूल उभा कसा राहतो?

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला वर्धा नदीवरच्या रेल्वेपुलावरून नाव मिळाले. तो पूल रेल्वेच्या काळातला. पण त्याच्याही आधी, सिमेंट आणि पोलादी तुळया नसताना, लोक पूल कसे बांधत असतील? आपल्या जिल्ह्यात जमिनीखाली जो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सापडतो तोच सह्याद्रीतही आहे. त्याचाच एक पूल आपण पाहू.

प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयना नदीवर दगडी कमानींचा शिवकालीन पूल आहे. महाबळेश्वरच्या या डोंगराळ भागात वर्ध्याच्या साधारण पाचपट पाऊस पडतो. तरीही हा पूल तीनशेहून अधिक वर्षे उभा आहे.

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फारच कमी. दोन खांबांवर लांब शिळा आडवी ठेवली, की वजनाने ती किंचित वाकते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि शिळा खालून तडकते. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड असतात. वरून वजन आले की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि भार दोन्ही बाजूंनी पायथ्याकडे जातो. ताण जवळजवळ उरतच नाही.

हे वर्गात करून पाहता येईल. लाल भोपळ्याची तीन बोटे जाडीची गोल चकती कापा. मधला गर व बिया काढून तिचे दोन अर्धे करा. एका अर्ध्याचे, केंद्राच्या दिशेने काप देत, सात तुकडे करा. ओल्या वाळूच्या ढिगावर ते क्रमाने रचा. दोन्ही टोकांना विटा टेकवा आणि खालची वाळू चमच्याने काढून घ्या. कमान उभी राहील! माथ्यावर बोटाने दाबा. ती पडणार नाही. आता एक वीट काढून त्या बाजूचा शेवटचा तुकडा बाहेर ओढा. सारी कमान कोसळेल.

म्हणजे कमानीचे बळ तिच्या पायथ्यात असते, आणि नदी घाव घालते तीही तेथेच. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा खांबावरचा जोर चौपट होतो. खांबाला अडून पाणी भोवऱ्यासारखे फिरते आणि पायाखालची वाळू व माती उपसून नेते. म्हणूनच जुने कारागीर प्रवाहाकडची खांबाची बाजू निमुळती ठेवत.

सावित्री नदीही महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावते. महाडजवळ तिच्यावर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या नदीत गेल्या आणि अनेकांचे प्राण गेले. पुलाचे नुसते वय पाहून त्याच्या मजबुतीची खात्री देता येत नाही.

आपल्या गावाजवळ जुना पूल असेल, तर उन्हाळ्यात नदी आटल्यावर शिक्षकांनी मुलांना तेथे जरूर न्यावे. खांबांच्या बुडाशी खड्डे पडले आहेत का? सांध्यांत पिंपळ रुजला आहे का? कमानीतला एखादा दगड निसटला आहे का? जे दिसेल ते लिहून, चित्र काढून ग्रामपंचायतीला द्यावे. पुलावरून जाताना हे काहीच दिसत नाही. त्यासाठी पुलाखालीच उतरावे लागते.