नाव झाकलं की निकाल कसा लागतो?

बोर्डाचे पेपर तपासताना आम्हाला मुलाचं नाव दिसत नाही, फक्त बारकोड दिसतो. कुणाचा मुलगा, कुठल्या मोहल्ल्यातला, काही कळत नाही. शहरातल्या जागेचा आराखडा निवडतानाही हाच सवाल येतो: परीक्षकांना नाव दिसावं का? न्यूयॉर्कमध्ये एकाच जागेवर दोन्ही तऱ्हा झाल्या.

2001 च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं. त्या 16 एकर जागेच्या मुख्य आराखड्यासाठी सात गट निवडले गेले. बहुतेक नावाजलेले आर्किटेक्ट, आणि कुठला आराखडा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक. फेब्रुवारी 2003 मध्ये निवड समितीचा कौल ‘थिंक’ या गटाला होता. गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी तो फिरवला आणि डॅनियल लिबेस्किंड यांचा आराखडा घेतला. मग समिती बसवलीच कशाला, असं आम्हाला तरी वाटतं.

त्याच वर्षी तिथल्या स्मारकासाठी खुली स्पर्धा झाली. 63 देशांतून 5,201 प्रवेशिका आल्या, सगळ्या बिननावाच्या. 13 परीक्षकांत मृतांच्या नातेवाइकांपैकीही एक जण होतं. टॉवर उभे होते त्याच जागी पाणी कोसळणारे दोन खोल हौद, ही कल्पना त्यांना भावली, पण फार रुक्ष वाटली. झाडं वाढवा, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी पीटर वॉकर जोडीला आले. कल्पना मूळची कुणाची? मायकल अराड यांची. शहराच्या हाऊसिंग खात्यातले नोकरदार आर्किटेक्ट, तोवर फारसे कुणाला माहीतही नव्हते. 2011 मध्ये स्मारक खुलं झालं, हौदांभोवती ओकची झाडं लावूनच.