भावंडांमधील छळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भावंडांची भांडणे घरोघरी होतात या समजुतीत तथ्य आहे, आणि नेमके त्यामुळेच तिच्या आडोशाने चालणारा छळ ओळखणे अवघड जाते. भांडणात कधी एकाची तर कधी दुसऱ्याची सरशी होते. छळात मात्र मारणारा आणि मार खाणारा ठरलेला असतो, प्रकार वारंवार घडतो आणि दुबळे भावंड दुसऱ्याच्या नुसत्या चाहुलीनेही धास्तावते. हा छळ मारहाणीचा असतो, सततच्या हेटाळणीचा असतो आणि लैंगिकही असू शकतो.

काही घरांत धाकट्यांचा सांभाळ थोरल्यांवरच पडतो. उदाहरणार्थ, रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि यामागे पुरुषांचे मुंबईकडे होणारे स्थलांतर हे मोठे कारण आहे. वडील चाकरमानी आणि आई शेतीत वा मजुरीत गुंतलेली असली, की धाकट्यांची जबाबदारी साहजिकच थोरल्या भावंडावर येते. त्यात गैर काही नाही. परंतु जबाबदारीसोबत शिक्षा करण्याचा अधिकारही विनादेखरेख सोपवला गेला, तर ‘थोरल्याचा धाक हवाच’ हे वाक्य मारहाणीचा परवाना ठरते.

मोठेपणी सारे विसरले जाते, हा समज तर मुळीच टिकत नाही. ब्रिटनमधील सुमारे 7000 मुलांच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, बाराव्या वर्षी भावंडाकडून आठवड्यातून अनेकदा छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्याचे आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण असा छळ न सोसलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळले.

घरातल्या गोष्टीत कायदा येत नाही, असेही सर्रास मानले जाते. वास्तविक बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा 2012 चा ‘पोक्सो’ कायदा रक्ताच्या नातेवाइकाने केलेला अपराध अधिक गंभीर मानतो, आणि कलम 19 नुसार असा प्रकार ठाऊक असणाऱ्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अपराध करणारा स्वतःच अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, जेथे समुपदेशन आणि पुनर्वसनावर भर असतो; त्यामुळे तक्रारीने दुसऱ्या मुलाचे आयुष्य संपेल ही पालकांची भीती बहुतांशी अनाठायी आहे.

प्रौढ भावंडांबाबतचा गैरसमज अधिक चिवट आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा केवळ पत्नीसाठी नसून, रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या वा राहिलेल्या बहिणीलाही तो दाद मागू देतो. मुंबईतील एका आई व मुलीने मुलगा, सून आणि अन्य दोन मुली यांच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2016 रोजी या कायद्यातील प्रतिवादीच्या व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द वगळले, आणि छळ करणाऱ्या बहिणीविरुद्धही तक्रारीचा मार्ग खुला झाला. हक्काच्या मालमत्तेपासून वंचित करणे हा या कायद्याने आर्थिक छळ ठरतो; सामाईक घराच्या किंवा आंब्याच्या बागेच्या हक्कसोडपत्रावर धाकदपटशाने बहिणीची सही घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. छळ सोसणाऱ्या भावाला मात्र या कायद्याचा आधार नाही, ही त्यातील उणीवच म्हणावी लागेल.

मुलांसाठी 1098 ही विनामूल्य मदतसेवा चोवीस तास उपलब्ध असून तेथे पीडित मूल स्वतः, शिक्षक किंवा शेजारी यांपैकी कोणीही माहिती देऊ शकते.