वाडीसाठी जनित्र केवढे घ्यावे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दापोली तालुक्यातही विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. समजा, हर्णेत तुमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप आहे. जनित्र केवढे घ्याल?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. वाया जाणारी शक्ती धरता मोटार सुमारे १,१०० वॅट घेते. दिवे-पंख्यांचे २०० मिळवा, झाले १,३००. दोन केव्हीएच्या जनित्रातून ०.८ या शक्तिगुणकाने १,६०० वॅट मिळतात. कागदावर पुरले! पण पंपाचे बटण दाबताच दिवे मंदावतील आणि बहुधा जनित्रच बंद पडेल.

असे का? थांबलेल्या मोटारीच्या फिरत्या भागावरून चुंबकीय क्षेत्र पूर्ण वेगाने सरकते व त्यात प्रचंड प्रवाह प्रवर्तित होतो. त्यामुळे सुरुवातीला मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तिने वेग घेतला की तो उतरतो. म्हणून पाच केव्हीएचे घ्यावे, आणि आधी पंप, मग दिवे लावावेत. पोहऱ्याने पाणी काढण्याची तयारी असेल, तर मात्र एक केव्हीएही पुष्कळ!

जनित्र थेट घरच्या प्लगला कधीही जोडू नका. तुमचे २३० व्होल्ट उलटे रोहित्रात गेले, तर पलीकडे कित्येक हजार व्होल्ट होतात. आणि तार बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच हवाच. पावसामुळे जनित्र पडवीत ठेवण्याचा मोह होईल. तसे करू नका. घरापासून दूर, उघड्यावर आडोसा करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.