आशाताईची वही

आठवतंय ना, मंडळी? मार्च २०२० ला टाळेबंदी लागली अन् आपणच वेशीवर काटे लावले. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. आशाताई घरोघर ताप, ऑक्सिजन मोजू लागली. काहींनी तिलाही दारातूनच परत धाडलं. वहीत नाव गेलं की उचलून नेतील, ही धास्ती! लसीचीही तीच गत. सरकारी फलक वाचून कोण हलतं? गावचीच बाई चारदा दारी आली, तेव्हा कुठं म्हातारी माणसं निघाली. या कामाचा केंद्राचा भत्ता तेव्हा होता महिना १००० रुपये. मानधनासाठी जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांना गौरवलं. सरपंच, तुमच्या ग्रामसभेत तिची वही कधी वाचली का?